ओटीचा मागचा जिना

मधुमेहाने गँगरीन झालेला पाय गुडघ्याखाली कापला, पेशंट वाचला, सर्जन हात धुऊन जेवायला गेले. पाय पिवळ्या पिशवीत गेला. लिफ्टमध्ये नातेवाईक असतात म्हणून मामा पिशवी घेऊन मागच्या जिन्याने निघाले आणि वळणावर ती फाटली. करवतीने कापलेल्या हाडाची कड चांगलीच धारदार असते; एकेरी पिशवी ती सहज फाडते. आरडाओरडा ऐकून मी पोचले, तर मावशी उघड्या हातांनी फिनेल टाकून पुसत होत्या. जिन्यात रेंज मिळते म्हणून फोनवर बोलायला आलेला पेशंटचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. "सिस्टर, बाबांचा आहे का हो हा?" एवढंच त्याने विचारलं.

तालुक्याच्या गावातल्या त्या हॉस्पिटलात मी ओटी इनचार्ज होते. नंतर इतर ठिकाणीही हेच पाहिलं. टेबलापर्यंत सगळं चोख, पण टेबल ते कचऱ्याची गाडी या टप्प्याला कोणी वालीच नाही.

म्हणून सांगते. हाडाचं टोक गॉजच्या जाड पॅडने गुंडाळा, मगच पिशवीत घाला. पिशवी दुहेरी घ्या, पाऊण भरली की गळा बांधा, आणि झाकणाच्या बादलीत ठेवून ट्रॉलीवरून न्या. खांद्यावरून किंवा फरफटत नेऊ देऊ नका. पायात जुनी रॉड-प्लेट असेल तर ती सर्जनकडून काढून घ्या, तिची जागा निळ्या खोक्यात. सांडलंच तर आधी जाड हातमोजे, मग शोषून घेणारं कापड, वर हायपोक्लोराइट, दहा मिनिटं तरी थांबून पुसणं. फिनेलने वास जातो, जंतूंचा भरवसा नाही.

आणि नातेवाइकांना आधी विचारा. कापलेला अवयव दफन करायचा किंवा अग्नी द्यायचा अशी पुष्कळ घरांची इच्छा असते. संमतिपत्रावर सही घेतानाच हा विषय काढा, हॉस्पिटलचा नियम सांगा, ठरेल ते लेखी ठेवा. त्या मुलाशी हे कोणी बोललंच नव्हतं.

लेबर रूममधला त्रास वेगळा. तिथे वार रोजच्या, प्रत्येकी अर्धा किलोच्या आसपास, रक्ताने ओल्या. घाईत त्याच पिशवीत सलाइनचा सेट, कॅथेटर, हातमोजेही जातात. ते लाल पिशवीत हवेत. पिवळी पिशवी भट्टीत जाते, आणि पीव्हीसी जळलं की डायॉक्सिनसारखी विषं हवेत जातात. भट्टीत पहिल्या कक्षात 800 अंश आणि दुसऱ्यात 1050 अंशांच्या आसपास तापमान लागतं. आवारातल्या ड्रममध्ये पेटवलेल्या जाळाला ते कुठून येणार? खड्डा करून पुरायची मुभा आहे, पण सामाईक प्रक्रिया केंद्र पोचत नाही अशा दुर्गम भागातच, तीही परवानगीने. खड्डा दोन मीटर खोल, अर्ध्यापर्यंत भरायचा, वर चुना, त्यावर माती, आणि कुत्र्यांना उकरता येणार नाही अशी जाळी.

पुरण्याचा विषय निघाला म्हणून सांगते, 2017 साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळला पुरलेले 19 भ्रूण सापडले. ते प्रकरण गुन्ह्याचं होतं. पण तेव्हापासून उकिरड्यावर असं काही दिसलं की पोलीस आधी जवळच्या प्रसूतिगृहात येतात, आणि कायदेशीर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरकडेही दाखवायला पिशवीवरचा बारकोड आणि कचऱ्याची नोंदवहीच असते. जगण्याच्या वयाआधीचा गर्भ नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातो. त्यापुढचं मृत बाळ कचरा नव्हे, त्याची मृतजन्म म्हणून नोंद होते आणि ते घरच्यांच्या हाती द्यायचं असतं. गर्भपाताच्या पिशवीवर बाईचं नाव मात्र कधीही लिहू नका. एका ठिकाणी मी ते मार्कर पेनने ठळक लिहिलेलं पाहिलं, त्याच दिवशी ती सिस्टर आणि मी बसून नवीन लेबलं केली.

गाडी आली नाही तर? जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत असा कचरा ठेवायला 48 तासांची मर्यादा आहे. रस्ता बंद, मोठा सण, पूर, कारण काहीही असो. त्यापुढे ठेवावंच लागलं तर नीट जपून ठेवायचं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवायचं. आम्ही यासाठी एक वेगळा डीप फ्रीझर घेतला, कुलूपबंद. त्यात कोणी पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की मी फेकून देत असे. त्यावरून शिव्याही खाल्ल्या. आणि घंटागाडीत एकही पिवळी पिशवी जाता कामा नये, "आजच्या दिवस" म्हणूनसुद्धा नाही.

त्या जिन्यातल्या मावशी कंत्राटी होत्या. हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी हे नावच पहिल्यांदा ऐकलं. ही लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन ही मालकाची जबाबदारी आहे, कंत्राटदाराच्या नावावर ढकलता येत नाही. लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात. तुमच्या हॉस्पिटलात पिशवी उचलणाऱ्या प्रत्येकाची लसीची नोंद आजच वहीत तपासा, आणि ज्यांची नसेल त्यांच्या हाती ती झाल्याशिवाय पिवळी पिशवी देऊ नका.