आधी अडचण, मग संगणक

प्रश्न : मी नाशिकमध्ये सातवीला शिकवते. मुलांना वस्तू आणि अ‍ॅपचे डिझाइन शिकवायचे आहे, पण शाळेत चालू संगणक मोजकेच आहेत. सुरुवात कशी करू?

उत्तर : ताई, सुरुवात अडचणीपासून करा. 2003च्या कुंभमेळ्यात तुमच्याच शहरात चेंगराचेंगरीत 39 भाविकांचा जीव गेला. 2015च्या कुंभाआधी ‘कुंभथॉन’ या कुंभाच्या अडचणींवर उपाय शोधणाऱ्या शिबिरात निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने साथीदारांसह ‘अशिओटो’ तयार केले : पावलांच्या दाबावरून माणसे मोजणारी चटई. त्यांनी आधी गर्दीचा प्रश्न धरला, तंत्र त्यानंतर आले.

तुमच्या मुलांना बसथांब्यावर न्या. आजोबांना बसची पाटी वाचताना काय त्रास होतो, ते पाहू द्या, विचारू द्या. मग अ‍ॅपचा प्रत्येक पडदा एकेका कार्डावर पेन्सिलीने काढायचा. दुसऱ्या गटातल्या मुलाने बोटाने ‘बटण’ दाबायचे, एकाने मोबाइल होऊन कार्डे बदलायची, आणि ज्याने डिझाइन केले त्याने गप्प बसायचे. हे गप्प बसणे मुलांना फार जड जाते, पण खरे शिक्षण तिथेच होते. बोट जिथे अडखळेल, तिथे दुरुस्ती. वस्तूंसाठी पुठ्ठा पुरतो. नमुना मात्र खऱ्या मापाचा हवा.

यानंतर स्क्रॅच हे ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायचे सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. तिघांत एक संगणक चालेल.

गुण सुबकतेला देऊ नका. पहिल्या नमुन्यापासून तिसऱ्यापर्यंत काय आणि का बदलले, याला द्या. जवळच्या शाळेत सहावी ते बारावीसाठीची अटल टिंकरिंग लॅब असेल, तर मुख्याध्यापकांमार्फत तिथले तास जरूर मागा.