'रिस्पेक्ट'च्या वरचा शब्द

प्रश्न : मुलगी रयतच्या शाळेत आठवीत आहे. २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटील म्हणजे अण्णांच्या जयंतीनिमित्त तिला इंग्रजीत भाषण करायचं आहे. तिने लिहिलंय, 'वुई रिस्पेक्ट अण्णा व्हेरी मच.' मला ते पुळचट वाटतं. डिक्शनरीत डझनभर शब्द सापडले, पण सगळ्यांपुढे अर्थ एकच : आदर. यातला कोणता घ्यावा? – एक पालक, कराड

उत्तर : मराठीत आदर क्रियापदातच बसलेला असतो. 'अण्णा आले' म्हटलं की काम झालं. इंग्रजीत अण्णा आले काय आणि शेजारचा बंड्या आला काय, दोघंही 'ही केम'च. तिथे मान द्यायचा तर तेवढ्यासाठी वेगळा शब्द आणावा लागतो आणि तो चुकला की उघडं पडतं.

'रिस्पेक्ट' म्हणजे मुळात वळून पाहणं. त्यातला लॅटिन 'स्पेक' आणि संस्कृतातला 'पश्य' हे चुलतभाऊ. या शब्दाला प्रेम लागत नाही. ज्याचं एक मत पटत नाही त्यालाही रिस्पेक्ट देता येतो. तुम्हाला पुळचट वाटलं ते यामुळेच.

खरा घात 'अॅडमायर'मध्ये आहे. डिक्शनरी सांगते, 'कौतुक करणे'. पण आपलं कौतुक बहुतेक वेळा वरून खाली वाहतं. आजी नातवाचं करते, वस्ताद पठ्ठ्याचं करतो. आठवीतल्या मुलीने अण्णांचं कौतुक केलं तर आगाऊच म्हणतील. इंग्रजीतलं अॅडमायर असं थोरलं-धाकटं बघत नाही. त्याच्या मुळाशी विस्मय आहे. तुमच्या शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते ऐकून तोंडातून नकळत 'वा!' निघतं ना, ते अॅडमिरेशन.

'एस्टीम' हा 'एस्टिमेट'चा सख्खा भाऊ. सांगलीच्या मार्केट यार्डात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि मग भाव बोलतो. एस्टीम तसंच, पारखून दिलेलं. 'त्यांच्या शब्दाला गावात किंमत आहे' हे वाक्य इंग्रजीत न्यायचं तर हाच शब्द. मानपत्रात शोभतो, आठवीच्या भाषणात मात्र उसना कोट घातल्यासारखा दिसेल.

क्रांतिसिंह नाना पाटलांवर बोलायचं असतं तर मी 'ऑ' सुचवला असता, म्हणजे आदरात मिसळलेली धास्ती. १९४३ पासून तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगलीचा बराच भाग त्यात होता) त्यांचं प्रतिसरकार चाललं, तेव्हा गावगुंडांना नुसतं नाव पुरायचं. मराठीत जवळचा शब्द दरारा. फरक इतकाच, की दरारा त्या माणसाचा असतो. इंग्रजीत 'ऑ' पाहणाऱ्याच्या मनात असतो. 'व्हेनरेट' सज्जनगडासाठी राखून ठेवा. तिथल्या रामदासांच्या समाधीपुढे डोकं टेकवण्याला तो चपखल बसतो.

अण्णांसाठी माझं मत 'रिव्हिअर'ला. याच्याही मुळात भीती आहे, पण ती निवलेली. आजोबांसमोर आपोआप आवाज खाली येतो तशी. देवत्व न चिकटवता सगळ्यात वर जाणारा शब्द हाच.

पण मुलीला सांगा, शब्दाआधी कारण द्यायचं. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्यात आली. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची. त्यांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही गेलं. एवढं साध्या इंग्रजीत सांगून क्षणभर थांबायचं आणि मग म्हणायचं, 'वुई रिव्हिअर देम.' हो, देम. लक्ष्मीबाईंना वगळून ते वाक्य मला तरी लिहवत नाही. (इंग्रजीचा एकच दोष काढला होता, तो या 'देम'ने थोडा भरून निघतो. मराठी कानाला ते आदरार्थीच वाटतं.)

उच्चाराची तालीम मात्र घरी करून घ्या. जोर 'व्हिअर'वर. घाईत 'रिव्हर' निघालं तर मागच्या बाकावरची पोरं 'कृष्णा, कृष्णा' म्हणत खिदळतील, आणि पुढचं भाषण त्या पुरात जाईल.