हॉप्स : किलोचा भाव आणि कडूपणाचा भाव

बिअरवर लिहिणारा ती पीतही असणार, असा समज वाचकांनी कृपया करून घेऊ नये. प्रस्तुत लेखकाने ती चाखलेलीसुद्धा नाही. त्याचे लक्ष गेले ते हॉप्सच्या खरेदीकडे. कारण किलोचा भाव पाहून माल घेण्याची आपली रीत येथे पार फसते.

हॉप्स ही वेल. तिच्या मादी वेलीला शंकूसारखी फुले येतात व त्यांत पिवळी भुकटी असते. मोड आणून वाळवलेल्या सातूच्या गोड काढ्यात ही फुले तासभर उकळली, की भुकटीतील आल्फा आम्लामुळे बिअरला कडूपणा येतो. हे आम्ल सर्व जातींत सारखे नसते. चेक देशातील झाटेत्सची साझ (हे त्या गावाचेच जर्मन नाव) ही जुनी जात. तिच्यात ते 3 ते 4 टक्के. जर्मनीत तयार केलेल्या मॅग्नममध्ये 12 टक्क्यांच्या पुढेमागे.

आता हिशेब करू. 1000 लिटर बिअरला दर लिटरमागे 25 मिलिग्रॅम कडू द्रव्य हवे, म्हणजे एकूण 25 ग्रॅम. उकळून चौथाच हिस्सा हाती लागतो असे धरल्यास आल्फा आम्ल 100 ग्रॅम लागेल. 4 टक्क्यांची साझ घेतली तर अडीच किलो. साडेबारा टक्क्यांची मॅग्नम फक्त 800 ग्रॅम. समजा, साझ किलोला 100 रुपये आणि मॅग्नम 200. साझचा खर्च 250, मॅग्नमचा 160! दुप्पट भावाचा माल स्वस्त पडला.

मग साझ कोण घेतो? पिल्सनर बिअर करणारे हौसेने घेतात. हॉप्समधील सुगंधी तेल उकळताना उडून जाते, म्हणून सुवासाची फुले शेवटी टाकतात. तेव्हा कडूपणा फारसा उतरत नाही आणि वरचा हिशेब तेथे लागूच पडत नाही. साझचा मंद, मसालेदार वास मॅग्नम देऊ शकत नाही. अमेरिकेत 1972 मध्ये आलेली कॅस्केड आम्लात या दोघींच्या मधली. पण तिचे नाव झाले ते पपनसासारख्या वासामुळे.

आणखी एक अडचण. मालसाठ्यावर घसारा धरत नाहीत, असे आपण शिकतो. हॉप्स मात्र उघड्यावर, उबेत राहिले की आम्ल घटत जाते. म्हणून ते हवाबंद करून थंडीत ठेवतात. वरची मॅग्नम 10 टक्क्यांवर उतरली, तर 800 ग्रॅमऐवजी पुरा किलो लागेल आणि 160 चे 200 होतील.