मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती?

मुलीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेले आईवडील हमखास विचारतात, ‘विमानात किती तास बसायचं?’ नुसत्या तिकिटावरून ते कळत नाही. समजा, मुंबईहून रात्री १ ला सुटणारं विमान त्याच सकाळी ७.३० ला न्यूयॉर्कला पोहोचतं. प्रवास साडेसहा तासांचा वाटतो. उन्हाळ्यात तो १६ तासांचा असतो.

आधी अंतर काढू. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मिळणार नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. तो अरबस्तानावरून न जाता उत्तर-वायव्येला वर चढतो, थेट आइसलँडच्या अक्षांशापर्यंत, आणि मग खाली उतरतो. तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवून रेखांश मोजा. साधारण ११३ अंश भरतील. तिथे एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून अंतर साडेबारा हजार किलोमीटर. नातवंडं हाताशी असतील तर हे त्यांच्याकडूनच करून घ्या.

आता वेळ. मोठं जेट विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातं. भागाकार केला की १४ तास येतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा तास वाढवा. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना बहुतेक वेळा ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. म्हणून जाताना १६ तासांच्या आसपास लागतात, येताना त्याहून कमी. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. अशा वेळी विमान वळसा घेतं आणि दोऱ्याचा हिशोब कमी पडतो. कंपनीने दिलेली वेळच धरा.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, हे पक्कं ध्यानात ठेवा. न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, एरवी साडेदहा. पोहोचण्याच्या वेळेत हा फरक मिळवा, मग निघण्याची वेळ वजा करा. परतीला उलट: मुंबईत उतरण्याच्या वेळेतून फरक वजा करून न्यूयॉर्कची वेळ काढा. वेळेपुढे ‘+१’ असेल तर उतरण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची.

तिकीट काढताना ‘नॉनस्टॉप’ हाच शब्द बघा. ‘डायरेक्ट’ विमान वाटेत उतरू शकतं. दुबई किंवा दोहामार्गे जाणार असाल तर तिथला मुक्काम धरून एकूण तास मोजा.

सगळ्यात महत्त्वाचं, औषधं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या अनेकदा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे नाही, तासांच्या अंतराने घ्यायच्या असतात. काढलेले तास कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा आणि प्रत्येक गोळी भारतीय वेळेप्रमाणे किती वाजता घ्यायची ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. इन्शुलिन घेत असाल तर हे टाळूच नका. एक मनगटी घड्याळ मुंबईच्या वेळेवरच राहू द्या, आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.