आर नदीचे खोरे : पायवाटेवरून एक अभ्यास

भूगोल नकाशावर जितका कळतो, त्याहून अधिक तो पायांनी कळतो. पश्चिम जर्मनीतील आर नदीचे खोरे हे याचे उत्तम उदाहरण होय.

ही नदी ब्लांकेनहाइम गावी एका जुन्या घराच्या तळघरात उगम पावते आणि सुमारे ८५ किलोमीटर वाहून ऱ्हाइनला मिळते. खालच्या खोऱ्यात बाड बोडेनडोर्फपासून आल्टेनआरपर्यंत ‘तांबड्या वाइनची वाट’ ही सुमारे ३५ किलोमीटरांची पायवाट १९७२ मध्ये खुली झाली. ती काठाने न जाता उतारावरील द्राक्षमळ्यांतून जाते. पाटीचा काळा खडक दिवसा तापतो व रात्री ती ऊब वेलींना देतो. म्हणून इतक्या उत्तरेसही काळी द्राक्षे पिकतात. वाटेवरील मायशोस गावी मळेवाल्यांनी १८६८ मध्येच सहकारी संस्था स्थापिली. आल्टेनआरच्या माथ्यावर आरे किल्ल्याचे भग्नावशेष आहेत.

परंतु वेलींना पोसणारे हेच उभे उतार पावसाचे पाणी झपाट्याने अरुंद पात्रात लोटतात. १८०४ व १९१० मध्ये येथे महापूर आले होते. तरीही वस्ती काठालगत वाढत गेली. १४ जुलै २०२१ च्या रात्रीच्या पुरात खोऱ्यातील १३० हून अधिक माणसे दगावली. घरे, पूल, लोहमार्ग उद्ध्वस्त झाले.

वरच्या वाटेवरून सौंदर्य आणि संकट यांचे मूळ एकाच दृष्टिक्षेपात दिसते. खोरे पाहावयाचे, तर पाणी कोठून धावेल हेही पाहिले पाहिजे.