लसीकरण : लागण झाली, खोडव्याचे काय?

उसाची लागण जोमाने करायची आणि खोडव्याकडे पाठ फिरवायची, मग काय हाती लागते हे आपणांस सांगायला नको. मुलांच्या लसीकरणातही आम्हांला तेच दिसते. बाळ तान्हे असते तोवर आपण धावपळ करतो. पोर पळू लागले की कार्ड ट्रंकेत जाते आणि पुढचे डोस राहून जातात. म्हणून सरकारी वेळापत्रकातील मुख्य लसी येथे देत आहोत.

जन्मतः : बीसीजी, पोलिओ आणि 24 तासांच्या आत कावीळ 'ब'.
6, 10 व 14 आठवडे : पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा.
9 ते 12 महिने : गोवर-रुबेला, पहिला डोस.
16 ते 24 महिने : गोवर-रुबेला दुसरा डोस, डीपीटी व पोलिओ बूस्टर.
5 ते 6 वर्षे : डीपीटी दुसरा बूस्टर.
10 व 16 वर्षे : टीडी, म्हणजे धनुर्वात व घटसर्प.

शेवटच्या तीन ओळी नीट वाचाव्यात. चुकतात त्या याच. घटसर्प, डांग्या खोकला यांविरुद्धची ताकद वर्षागणिक कमी होते, म्हणून बूस्टर. गोवराच्या एका डोसाने सगळ्याच मुलांना पुरेसे संरक्षण मिळत नाही, म्हणून दुसरा. 2022 साली मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, त्यात लहान मुले दगावली. आणि महाड-पोलादपूरच्या घरांचा एक पाय मुंबईतच असतो. गणपती-शिमग्याला गाड्या भरून माणसे येतात, त्यांच्याबरोबर साथही येऊ शकते.

काही जण म्हणतात, "डोस चुकला, आता काय उपयोग?" हा गैरसमज आहे. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस तिथून पुढे देतात. मात्र काही लसींना वयाची मर्यादा आहे, तेव्हा उशीर नको. साध्या सर्दीसाठीही लस पुढे ढकलू नये.

22 जुलै 2021 च्या महापुरात महाडमध्ये घरेदारे पाण्याखाली गेली. अशा वेळी कार्ड गेले तरी आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत शोध घेता येतो. नोंद सापडली नाही तरी घरी बसू नये, नर्सबाईंना विचारावे.

ऊस लागणीची नोंद आपण तारखेनिशी ठेवतो. आज घरी गेल्यावर प्रत्येक मुलाचे कार्ड काढून वरच्या यादीशी ताडून पाहावे आणि राहिलेले डोस आशाताईंना सांगावेत. सरकारी केंद्रात या लसी मोफत मिळतात.