गाडीच्या तळाला ठिगळ



कपडा फाटला की आई ठिगळ लावते. त्याआधी ती फाटलेल्या जागेच्या भोवतीचे कापड चाचपून बघते. विरलेल्या कापडावर टाका टिकत नाही, हे तिला ठाऊक असते. गाडीच्या गंजलेल्या तळाला वेल्डिंगने पत्र्याचे ठिगळ लावण्याचा पहिला नियमही हाच आहे. विज्ञानाच्या पुस्तकातील ‘लोखंडाचे गंजणे’ हा पाठ आज आपण गॅरेजमध्ये नेऊन शिकू. शाळेत व्हॅनने येणाऱ्या मुलांचे पाय रोज अशाच एका तळावर टेकलेले असतात, म्हणून हा विषय आपल्या सर्वांचा आहे.

तळ का गंजतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन हे तिघे एकत्र आले की गंज तयार होतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया फार वेगाने होते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो पापुद्रे होऊन सुटतो, खालचे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. गंजाला हिंदीत ‘जंग’ म्हणतात, आणि तसाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका शब्दाचा अर्थ लढाई असा आहे. ही लढाई मध्येच सोडली तर जिंकणार गंजच.

आपले सुरत खंभातच्या आखाताजवळ आहे. डुमसच्या ओल्या वाळूवर गाडी नेली की खारट वाळू तळाला चिकटून राहते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला, शहराचा मोठा भाग बुडाला आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा वेळी वरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, पण मॅटखालचा नमदा आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्यांतील गाळ बरेच दिवस ओला राहतो. तळ दोन्ही बाजूंनी कुजतो: खालून चिखलाने आणि वरून ओल्या मॅटने.

तळ म्हणजे नुसती फरशी नव्हे

ट्रकला वेगळी चासी असते. मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीला तशी चासी नसते. तळ, दाराखालच्या पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळून एक पेटी बनते आणि सगळा भार ती पेटीच उचलते. सीटचे बोल्ट तळात असतात, सीटबेल्टचे खालचे टोकही तिथेच किंवा जवळपास बांधलेले असते. जोराचा ब्रेक लागला की माणसाचे सारे वजन त्या बोल्टांवर येते. बोल्ट नवा आणि भोवतीचा पत्रा कुजका असेल तर काय होईल, याचा विचार करा.

ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीत सीटबेल्टसारख्या महत्त्वाच्या जोडांपासून ३० सेंटीमीटरपर्यंतचा पत्रा गंजासाठी पाहतात. तिथे ठिगळ लावले असेल तर ते चारी बाजूंनी सलग वेल्ड केलेले लागते.

नवशिक्याने काम कसे समजून घ्यावे?

१. शोध. मॅट आणि नमदा पूर्ण काढावा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकावा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. बाहेर रुपयाएवढे भोक दिसले तरी आतला कुजका भाग बहुधा ताटलीएवढा निघतो.

२. कापणे. सगळ्यात कठीण पायरी हीच आहे, कारण भोक लहान व्हायच्या ऐवजी मोठे होते आणि नवशिक्याचा हात थांबतो. पण चकाकणारा, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापलेच पाहिजे. गंजलेली कड वितळून वाहून जाते, तिच्यावर वेल्ड धरत नाही.

३. ठिगळ. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापावा, मग त्यावरून पत्रा. जाडी मूळ पत्र्याएवढी असावी. तळाचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असतो. कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यावर ताण साठतो आणि तडा तिथूनच जातो. दोन्ही कडा रंग, तेल आणि डांबर काढून घासाव्यात.

४. टाके. इतक्या पातळ पत्र्याला जाड रॉडचे वेल्डिंग भोके पाडते. त्यासाठी बारीक तारेचे सीओटू वेल्डिंग बरे. त्यातील वायू हवेला वितळलेल्या धातूपासून दूर ठेवतो. आधी तेवढ्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर हात बसवावा. मग दोन-तीन सेंटीमीटरवर एकेक टाका घालावा, एक या बाजूला आणि पुढचा समोरच्या बाजूला. एकाच जागी उष्णता साठली तर पत्रा प्रसरण पावून वाकतो. टाक्यांमधली जागा थांबत थांबत भरावी आणि पत्रा आपोआप थंड होऊ द्यावा. भोक पडत असेल तर मागे तांब्याची पट्टी धरतात. तांबे उष्णता ओढून घेते आणि वेल्ड त्याला चिकटत नाही.

५. रक्षण. वेल्ड केलेल्या जागेचा रंग दोन्ही बाजूंनी जळालेला असतो. तिथे प्रायमर, सांध्यावर सीलर आणि खालून अंडरकोटिंग केले नाही, तर पुढच्या पावसाळ्यात गंज वेल्डच्या कडेने पुन्हा सुरू होतो.

जिवाची काळजी

तळाजवळून पेट्रोलची नळी, ब्रेकचे पाइप आणि वायरी जातात. म्हणून आधी बॅटरी सोडावी, सीट व नमदा बाहेर काढावा आणि इंधनाची टाकी व नळ्या जाणकाराकडून दूर करून घ्याव्यात. सीएनजीच्या गाडीचा सिलिंडर अधिकृत माणसानेच उतरवावा. खालून वेल्डिंग चालू असताना आग वर, गाडीच्या आत लागते. त्यामुळे दुसरा माणूस अग्निशामक घेऊन आत लक्ष ठेवून असावा आणि काम संपल्यावरही अर्धा तास थांबावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये.

वेल्डिंगच्या प्रकाशातील अतिनील किरणांचा त्रास लगेच कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते. बाजूला उभे राहून बघणाऱ्यालाही हे होते, म्हणून काच सर्वांनाच हवी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणखी धोक्याचा. जस्त ९०७ अंशांवर उकळते आणि पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे पोलाद वितळण्याआधीच जस्ताचा धूर निघतो आणि त्या धुराने ताप येतो. मुलांनो, हे काम घरी करून पाहायचे नाही. शिकायचे असेल तर मजुरा गेटच्या सरकारी आयटीआयसारख्या संस्थेत उस्तादाच्या हाताखाली शिकावे. वेल्डर हा तिथला एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. या हुनराला कमी लेखू नका.

पालक आणि विश्वस्तांना विनंती

कुजक्या पत्र्यावर पुटी भरून वर काळे अंडरकोटिंग मारले की तळ नव्यासारखा दिसतो. गंजावरच पत्रा ठोकून रिव्हेट मारले तरी तसेच दिसते, आणि दोन पत्र्यांमध्ये पाणी अडून गंज दुप्पट वेगाने चालतो. जुनी गाडी घेताना मॅट उचलून बघा. व्हॅनवाल्या काकांनाही प्रेमाने सांगा, “काका, एकदा मॅट काढून तळ दाखवता का?” व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की तिचे फिटनेस दर वर्षी करावे लागते, तो कागदही पाहून घ्या. काका आपले शत्रू नाहीत. पावसाळ्यानंतर गाडी आठवडाभर दुरुस्तीला गेली तर त्यांचा रोजगार बुडतो, म्हणून ती सोय पालकांनी आपसांत ठरवून द्यावी आणि विश्वस्त मंडळाने त्यास हातभार लावावा, ही विनंती.

स्वाध्याय

१. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड धातूला वाचवतो, लोखंडाचा गंज वाचवत नाही. कारण सांगा.
२. एक खिळा साध्या पाण्यात व एक मिठाच्या पाण्यात ठेवा. सात दिवस रोज निरीक्षण लिहा.
३. ठिगळाचे टाके समोरासमोर का घालतात? उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाच्या आधारे लिहा.
४. आपल्या घरात गंज झाकलेला आहे आणि काढलेला नाही, अशी एक वस्तू शोधा. ती कशी दुरुस्त कराल?

— मुख्याध्यापक